वाचकांचे प्रश्न : आजोळची सात वर्षे

मागील अंकात चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे कादंबरीच्या मधल्या भागाविषयी आहेत याचा मला आनंद वाटला, कारण वर्गात शिकवताना नेमका हाच भाग घाईघाईने उरकला जातो. पहिल्या भागात गावाचे नांदते जगणे आहे, तिसऱ्यात गोऱ्या साहेबाची कचेरी आणि तुरुंग आहे, आणि या दोहोंच्या मध्ये चौदा ते एकोणीस ही सहा प्रकरणे नायक गावाबाहेर, मामाच्या आश्रयाला राहतो.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. ओकोंक्वो हा आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो समाजाचा, उमुओफिया गावचा नावाजलेला मल्ल आणि कष्टाळू शेतकरी आहे. त्याचा बाप उनोका हा बासरी वाजवणारा, कर्जात बुडालेला आणि गावात किंमत नसलेला माणूस होता. बापासारखे व्हायचे नाही या एकाच धास्तीवर ओकोंक्वोने सारे आयुष्य उभे केले आहे. एझेउदू नावाच्या प्रतिष्ठित वृद्धाच्या अंत्यविधीत ओकोंक्वोच्या बंदुकीचा स्फोट होतो, त्या वृद्धाचाच सोळा वर्षांचा मुलगा ठार होतो, आणि ओकोंक्वोला सात वर्षांसाठी गाव सोडावे लागते. तो बायकामुलांसह म्बांता या आईच्या गावी जातो.

प्रश्न : ओकोंक्वोच्या या गाव सोडण्याला आमच्या सरांनी 'वनवास' म्हटले, माझ्या मैत्रिणीच्या टिपणांत 'हद्दपारी' आहे. परीक्षेत कोणता शब्द लिहावा? शिवाय, अपघाताने झालेल्या हत्येला कादंबरीत 'स्त्री-गुन्हा' म्हटले आहे, यात स्त्रीला कमी लेखण्याचा भाव नाही का? — एम.ए.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : परीक्षेत दोन्ही शब्द चालतील, पण तुमचा प्रश्न परीक्षेपुरता नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. हद्दपारीला हुकूम देणारी सत्ता लागते. आपल्याकडच्या 'तडीपारी'त तर पोलिसांचा कागदच हातात पडतो. 'वाळीत टाकणे' म्हणावे, तर त्यात माणूस गावातच राहतो आणि गाव त्याच्याशी बोलत नाही. कादंबरीत यांपैकी काहीच घडत नाही. पंचायत बसत नाही, कोणी निकाल सुनावत नाही. आपल्या कुळातील माणूस मारणे हा भूमिदेवतेचा अपराध आहे आणि ज्याच्या हातून तो घडला त्याने गाव सोडायचे, हे सर्वांना ठाऊक आहे आणि ओकोंक्वोलाही ठाऊक आहे. त्याच रात्री बांधाबांध होते. बायका रडतात, आणि का रडायचे हे न कळताच मुलेही रडतात. त्याचा जिवलग मित्र ओबिएरिका आणखी काही मित्रांसह येतो, रात्रीत नऊ-दहा खेपा घालून ओकोंक्वोचे याम आपल्या कोठारात नेऊन ठेवतो. (याम हा आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. इग्बो शेतकऱ्याची श्रीमंती यामच्या राशीवर मोजली जाते.) कोंबडा आरवण्यापूर्वी ओकोंक्वो निघून जातो. उजाडताच एझेउदूच्या वस्तीतील माणसे युद्धाच्या वेशात येतात, त्याची घरे पेटवतात, लाल मातीच्या भिंती पाडतात, जनावरे मारतात, कोठार उद्ध्वस्त करतात. त्या जमावात ओबिएरिकाही असतो. रात्री ज्या हातांनी मित्राचे याम वाहिले त्याच हातांनी तो सकाळी त्याचे घर पाडतो, आणि त्याच्या मनात मित्राविषयी तिळमात्र वैर नसते, कारण ही सर्व मंडळी विटाळलेली भूमी शुद्ध करायला आलेली असतात. सर्व संपल्यावर तो आपल्या घरी बसून विचार करतो, की नकळत घडलेल्या गोष्टीसाठी माणसाने एवढे का सोसावे. त्याला उत्तर सापडत नाही.

म्हणून कथनापुरता मी 'परागंदा होणे' हा शब्द वापरीन. पुढे गेल्यावर मात्र अडचण होते, कारण कादंबरीत या सात वर्षांकडे पाहणाऱ्या नजरा एकाहून अधिक आहेत. ओकोंक्वोच्या मनात हा वनवासच आहे. त्या काळात झालेल्या मुलाचे नाव तो न्वोफिया, म्हणजे 'रानात जन्मलेला', असे ठेवतो. तुमच्या सरांचा शब्द त्याच्या तोंडी शोभेल. त्याच्या मामाच्या, उचेंदूच्या, दृष्टीने मात्र भाचा रानात नाही, आजोळी आला आहे. एकाच जागेला एक जण रान म्हणतो आणि दुसरा आजोळ, आणि मधल्या भागातला सगळा ताण या दोन नावांतला आहे. मराठीत 'आजोळ' या शब्दाला जी ऊब आहे ती इंग्रजी 'मदरलँड'मध्ये मुळीच नाही, त्यामुळे या एका बाबतीत तरी मराठी वाचकाला मूळ इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा अधिक जवळून कळण्याची सोय आहे असे मला वाटते.

आता 'स्त्री-गुन्हा'. इग्बो भाषेत अशा हत्येला 'ओचू' म्हणतात. ती जाणूनबुजून केलेली असेल तर पुरुष-प्रकारची आणि नकळत घडलेली असेल तर स्त्री-प्रकारची. भाचा दारात उभा राहिल्यावर उचेंदू दुसऱ्या दिवशी त्याची हकीकत ऐकून घेतो आणि एवढेच म्हणतो, की हा स्त्री-ओचू आहे. त्याच्या सुरात हेटाळणी नाही, हायसे वाटणे आहे, कारण यातून परत येता येते. तेव्हा या शब्दात स्त्रीला सौम्य मानणे आहे, आणि सौम्य म्हणजे दुय्यम हा हिशेबही त्यात कुठे तरी आहेच. पण ज्याच्या कानाला तो शब्द शिवीसारखा लागतो तो माणूस ओकोंक्वो आहे. 'बाई' ही त्याच्या तोंडची सर्वांत वाईट शिवी. इकेमेफुना या ओलीस आलेल्या, तीन वर्षे घरात वाढलेल्या आणि त्याला बाप म्हणणाऱ्या मुलाला मारण्यात त्याने स्वतःचा कोयता चालवला, तो केवळ आपण दुबळे ठरू या भीतीने. आणि त्यानंतर अन्न गोड लागेना तेव्हा, तू थरथरणारी म्हातारी कधीपासून झालास, असे त्याने स्वतःलाच हिणवले. नियतीची गंमत पाहा, अशा माणसाच्या हातून गुन्हा घडतो तो स्त्री-प्रकारचा, आणि त्याला आसरा मिळतो तो आईच्या गावी.

प्रश्न : उचेंदू 'आई सर्वश्रेष्ठ' असे भाषण करतो, पण कादंबरीभर बायका मार खाताना दिसतात. हा समाजाचा दुटप्पीपणा म्हणायचा की लेखकाचा? — निवृत्त मुख्याध्यापक, नागपूर

उत्तर : मुख्याध्यापक महाशय, आपण नेमके बोट ठेवले आहे. प्रथम आपल्या म्हणण्याला पुष्टी देणाऱ्या गोष्टी सांगतो. ओकोंक्वोला तीन बायका आहेत. सर्वांत धाकटी ओजिउगो मैत्रिणीकडे वेणी घालायला जाते आणि दुपारच्या स्वयंपाकाला वेळेवर परतत नाही, एवढ्यावरून तो तिला बडवतो. तो पेरणीपूर्वीचा शांतीचा सप्ताह असतो, त्या आठवड्यात कोणी कोणाला कठोर शब्दही बोलायचा नसतो. भूमिदेवता आनी हिचा पुजारी त्याला दंड करतो : एक शेळी, एक कोंबडी, एक कापडाचा तुकडा आणि शंभर कवड्या. हा दंड देवीच्या देवळात जातो. ओजिउगोच्या पदरात काही पडत नाही. दुसऱ्या प्रसंगी केळीची चार पाने तोडल्याच्या निमित्ताने तो मधली बायको एक्वेफी हिला मारतो, वर तिच्यावर बंदूकही झाडतो आणि नेम चुकतो. थोरल्या बायकोला तर कादंबरीभर नावच नाही, ती केवळ थोरल्या मुलाच्या नावाने 'न्वोयेची आई' आहे. ओजिउगो न सांगता गेल्याच्या दिवशी, जाताना तिने मुलांना खाऊ घालायला तुला सांगितले होते का असे नवऱ्याने विचारल्यावर ही न्वोयेची आई सवतीला पाठीशी घालण्यासाठी सरळ खोटे बोलते आणि हो म्हणते. त्या एका खोट्या 'हो'मध्ये मला त्या अंगणातले बायकांचे सगळे राजकारण आणि सगळी माया दिसते.

पण दुटप्पीपणा म्हणून विषय संपवू नये. उचेंदूचे भाषण कोणत्या प्रसंगी होते ते पाहावे. त्याचा धाकटा मुलगा अमिक्वू याच्या लग्नाचा शेवटचा विधी नुकताच झालेला आहे. या विधीसाठी घराण्यातील लग्न होऊन गेलेल्या मुली गावोगावांहून माहेरी येतात. थोरली तर अर्ध्या दिवसाच्या वाटेवरून आलेली आहे. या माहेरवाशिणींच्या मेळाव्याला 'उमुआदा' म्हणतात. त्या जमिनीवर मोठे कडे करून बसतात, मधोमध नवी नवरी उजव्या हातात कोंबडी धरून बसते, आणि थोरली नणंद तिला खडसावून विचारते, की आमच्या भावाने मागणी घातल्यापासून तू किती पुरुषांशी संबंध ठेवलास. खोटे बोललीस तर बाळंतपणात मरशील, हेही बजावते. वृद्ध उचेंदू कुळाची काठी घेऊन नवरीशेजारी बसलेला असतो. घरातील बाकी सगळे पुरुष कड्याबाहेर उभे राहून पाहतात. पहिल्या भागात गावाचा न्यायनिवाडा होतो तेव्हा बायका परक्यासारख्या कडेला उभ्या असतात. इथे ते चित्र उलटे झाले आहे. मात्र आणखी एक बारकावा लेखकाने एका वाक्यात टाकला आहे : पुरुषांच्या बरोबरीने घरातल्या सुनाही कड्याबाहेरूनच पाहतात.

म्हणजे या समाजात 'स्त्री' असे एकच स्थान नाही. लेक म्हणून तिला अधिकार आहे, सून म्हणून नाही. कड्यात बसलेली तीच लेक उद्या सासरी परतली की तिथल्या नणंदांच्या कड्याबाहेर उभी राहील. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. माहेरवाशिणीचा मान आणि सुनेचा कामाचा रगाडा एकाच बाईच्या वाट्याला येतो हे आपण आपल्या घरांत पाहिलेलेच आहे. कादंबरीत म्बाफो नावाच्या बाईला नवरा रोज मारतो तेव्हा तिचे भाऊ येऊन, नवऱ्याला चोपून, तिला माहेरी घेऊन जातात. प्रकरण पूर्वजांचे मुखवटे चढवून न्यायाला बसलेल्या गावच्या पुढाऱ्यांपुढे येते आणि निकाल असा लागतो, की नवऱ्याने ताडीचे मडके घेऊन सासरी जावे आणि बायकोला परत येण्याची विनवणी करावी. तिचे खरे संरक्षण माहेर आहे. बाई मेल्यावरही तिचा देह सासरच्या मातीत पुरत नाहीत, माहेरी नेऊन पुरतात.

विधीच्या दुसऱ्या दिवशी उचेंदू मुलांना, मुलींना आणि भाच्याला बोलावतो तेव्हा पुरुष बकऱ्याच्या कातड्यांवर जमिनीवर बसतात आणि लेकी मातीच्या उंच ओट्यावर चटईवर बसतात. तिथे तो ओकोंक्वोला दोन प्रश्न विचारतो. आपण मुलींचे नाव न्नेका, म्हणजे 'आई सर्वश्रेष्ठ', असे इतक्या हौसेने का ठेवतो? आणि बाई मेली की तिला माहेरी का नेतो? ओकोंक्वोला दोन्हींची उत्तरे येत नाहीत. मग म्हातारा स्वतःच सांगतो, की बापाने मारले की पोर आईच्या झोपडीत शिरते. दिवस चांगले असतील तेव्हा माणूस बापाच्या गावचा असतो, दुःखाच्या वेळी आईच्या. तुझी आई इथे पुरलेली आहे आणि ती तुला सांभाळायला आहे.

नीट पाहिले तर उचेंदू भाच्याला जे देऊ करतो ते माहेरच आहे. बायकांसाठी राखून ठेवलेला आसरा एका पुरुषाला मिळतो आहे. याच्या पुढे जाऊन मी असेही म्हणेन, की ओकोंक्वोवर जी आपत्ती कोसळली म्हणून तो खचला आहे, ती त्या गावातल्या प्रत्येक विवाहित बाईने निमूट सोसलेली आहे. आपले गाव, आपली जमीन, आपल्या ओळखीपाळखी मागे टाकून परक्या मातीत नव्याने सुरुवात करायची. ती तरुणपणीच हे करते आणि त्याला कोणी शोकांतिका म्हणत नाही. ओकोंक्वोच्या बायका तर दुसऱ्यांदा उठून आल्या आहेत, आणि म्बांता हे त्यांचे माहेरही नाही. त्यांचा परागंदापणा कादंबरीत एका ओळीत येतो आणि संपतो. इथे मात्र मला लेखकाविषयी तक्रार आहे.

दुटप्पीपणाचा पुरावा उचेंदूच्या भाषणातच आहे, तो आपल्या नजरेतून सुटला असावा. भाच्याचे दुःख हलके करण्यासाठी तो म्हणतो, की जगात आपणच सर्वांत दुःखी असे वाटत असेल तर माझ्या मुलीला, अकुएनीला, विचार तिने किती जुळी जन्माला घातली आणि टाकून दिली. त्या समाजात जुळी मुले अशुभ मानली जात आणि रानात टाकली जात. आई सर्वश्रेष्ठ म्हणणारा बाप लेकीचे हे दुःख भाच्याच्या सांत्वनाला उदाहरण म्हणून वापरतो, आणि बहुधा त्या वेळी अकुएनी तिथेच त्या उंच ओट्यावर बसलेली आहे. पुढे मिशनरी म्बांतात येऊन गावाने टाकलेल्या जुळ्यांना उचलू लागतात, तेव्हा त्यांच्याकडे जाणारी गावातली पहिली बाई कोण असते? अमादी नावाच्या सधन शेतकऱ्याची गरोदर बायको. आधीच्या चारही बाळंतपणांत तिला जुळी झाली आणि चारही वेळा ती टाकून देण्यात आली. ती निघून गेली तेव्हा सासरच्यांना ब्याद गेल्यासारखे वाटले. तिचे नाव लेखकाने न्नेका ठेवले आहे.

इतक्या काटेकोर लेखकाच्या हातून हे नाव योगायोगाने पडले असेल असे मला वाटत नाही. त्यामुळे दुटप्पीपणा लेखकाचा नाही, त्याने तो पाहिला आहे आणि कोणावर न ओरडता नोंदवला आहे. तरीही त्याच्या नजरेची मर्यादा आहेच. इग्बो बायकांच्या संघटित ताकदीचा या कादंबरीत उमुआदाच्या पलीकडे मागमूस नाही. प्रत्यक्षात १९२९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात याच प्रदेशात हजारो बायकांनी, कर बसणार या शंकेवरून, इंग्रजांनी नेमलेल्या गावप्रमुखांची कार्यालये घेरली. गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मारल्या गेल्या. या उठावाची ठिणगी ओलोको गावात, एका बाईला तिच्या घरची माणसे आणि शेळ्यामेंढ्या मोजायला सांगितल्यावरून पडली. कादंबरीतला काळ याच्या आधीचा आहे हे खरे, पण असा उठाव एका दिवसात उभा राहत नाही. ही उणीव भरून काढायला फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' (१९६६) आणि बुची एमेचेटा यांची 'द जॉइज ऑफ मदरहुड' (१९७९) या कादंबऱ्या अवश्य वाचाव्यात. दुसरीचे नाव पहिलीच्या शेवटच्या ओळींतून उचललेले आहे, आणि ते उपरोधाने उचललेले आहे हे वाचताना कळतेच.

प्रश्न : परागंदा झालेली व्यक्ती पुरुषाऐवजी स्त्री आहे अशी एखादी आफ्रिकन कादंबरी सुचवाल का? — वाचक, पुणे

उत्तर : बेसी हेड यांची 'अ क्वेश्चन ऑफ पॉवर' (१९७३). लेखिका स्वतः १९६४ साली परत न येण्याच्या अटीचा परवाना घेऊन दक्षिण आफ्रिकेतून निघाल्या आणि बोत्स्वानातील सेरोवे गावात राहिल्या; तिथले नागरिकत्व मिळायला १९७९ साल उजाडले. कादंबरीची नायिका एलिझाबेथ हिला आजोळही नाही आणि माहेरही नाही. परक्या गावात लहान मुलाला घेऊन राहताना तिचे मन ढासळते, आणि तिला जमिनीवर धरून ठेवते ती गावातल्या बायकांबरोबर केलेली भाजीपाल्याची बाग आणि रसभरीच्या फळांचा जॅम. वाचायला अवघड पुस्तक आहे. मनोविकाराच्या वर्णनाची पाने अंगावर येतात, तेव्हा सवडीने वाचावे.

प्रश्न : सात वर्षांत ओकोंक्वो आईच्या गावाकडून काही शिकला का? आमच्या मंडळात यावर दोन तट पडले. — वाचन मंडळ, मडगाव

उत्तर : 'नाही' म्हणणाऱ्या तटात मलाही धरा, पण त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक आठवण आधी सांगतो. तीस वर्षांपूर्वी त्याच्या आईचा देह म्बांताला आणला तेव्हा ओकोंक्वो लहान होता, आणि आई चालली, आई चालली, म्हणत रडत होता; उचेंदूला ते अजून आठवते. ओकोंक्वोला स्वतःला आठवते का, ते लेखक सांगत नाही. त्या आईचेही नाव आपल्याला कळत नाही. तिच्या शब्दांतले जे काही उरले आहे ते इतकेच : एकदा रात्री कानाशी डास गुणगुणतो तेव्हा त्याला तिने लहानपणी सांगितलेली गोष्ट आठवते. डासाने कानाला लग्नाची मागणी घातली, कान हसून हसून खाली पडला आणि म्हणाला, तू आधीच हाडांचा सापळा, किती दिवस जगणार. तेव्हापासून डास कानाशी येऊन सांगतो, मी अजून जिवंत आहे. ओकोंक्वो कूस बदलतो आणि मनाशी म्हणतो, बायकांच्या सगळ्या गोष्टींसारखीच ही पण खुळचट. सकाळी त्याचे दार ठोठावले जाते. एक्वेफी सांगायला आलेली असते, की लेक तापाने फणफणली आहे, आणि तो चटकन उठून कोयता घेऊन औषधी पाने-साली आणायला रानात धावतो. माया त्याच्यात होती. ती दिसू न देण्याची खटपट तो जन्मभर करत राहिला.

म्बांतात मामाने त्याला घरासाठी जागा दिली, शेतासाठी जमीन दिली, मामाच्या पाचही मुलांनी प्रत्येकी तीनशे बेण्याचे याम दिले. तो राबलाही. पण एकोणिसाव्या प्रकरणात त्याचा हिशेब स्पष्ट आहे : मामाकडची मंडळी चांगली आहेत, तरी उमुओफियात असतो तर यापेक्षा वर गेलो असतो. आजोळी पहिली मुलगी झाली तेव्हा त्याने तिचे नाव न्नेका ठेवले, आणि लेखक सांगतो, की ते आईच्या माणसांचा मान राखण्यासाठी म्हणून. दोन वर्षांनी मुलगा झाला तेव्हा त्याने ठेवलेले न्वोफिया हे नाव मात्र त्याच्या मनातले होते. मुलीचे नाव शिष्टाचाराचे आणि मुलाचे नाव खरे. तुमच्या मंडळातल्या दुसऱ्या तटाने या दोन बारशांचे स्पष्टीकरण द्यावे, एवढीच विनंती आहे.

मुलीही त्याने आपल्या परतीच्या बेतातच बसवल्या. एक्वेफीची एझिन्मा ही दहा बाळंतपणांतून हाती लागलेली एकुलती एक मुलगी. बापाला तिच्याइतके कोणी ओळखत नाही, आणि ही मुलगा व्हायला हवी होती असे तो मनाशी वारंवार म्हणतो. म्बांतात तिला चांगली स्थळे येतात. लग्न उमुओफियाला परतल्यावरच कर, असे बाप सुचवतो. दोन देखण्या लेकी बरोबर असल्या की गावात आपल्याकडे लक्ष वेधले जाईल, असा त्याचा विचार. एझिन्मा कारण न विचारता ते ओळखते आणि सावत्र बहिणीलाही पटवते. पुढे जिल्ह्याचा गोरा अधिकारी ओकोंक्वोसह सहा पुढाऱ्यांना दगाबाजीने कैद करतो तेव्हा ती भावी सासरी अठ्ठावीस दिवसांच्या भेटीसाठी गेलेली असते. बातमी कळताच भेट अर्धवट टाकून ती घरी येते आणि तडक ओबिएरिकाच्या घरी जाऊन विचारते, उमुओफियाचे पुरुष याबाबत काय करणार आहेत? ओबिएरिका सकाळपासून घरी नसतो. त्याच्या बायकांना वाटते, तो कुठल्या तरी गुप्त बैठकीला गेला असावा, आणि एवढ्यावर एझिन्माचे समाधान होते. तिचा प्रश्न तिथेच राहतो. दुसरीकडे तिचा बाप, आपल्या गावचे योद्धे बायकांसारखे मऊ का झाले, म्हणून झुरत असतो. त्या दिवसांत गावात ताठ कण्याने कोणी चालत आले असेल तर ती त्याची स्वतःची लेक होती.

आता शेवटच्या प्रकरणाविषयी, कारण तुमच्या पत्राच्या तळटीपेत तोही प्रश्न आहे : ओकोंक्वोने गळफास घेतल्यावर मित्र त्याच्या देहाला हात का लावत नाहीत? आत्महत्या हा पुन्हा भूमिदेवतेचाच अपराध आहे. शांतीच्या सप्ताहात बायकोला मारले तेव्हा, बंदुकीचा स्फोट झाला तेव्हा आणि आता, असा तो तीनदा त्याच देवीच्या दारात गुन्हेगार म्हणून उभा राहिला आहे. लेखकाने आरंभीच सांगून ठेवले आहे, की माणसांच्या जगण्यात इतर कोणत्याही दैवतापेक्षा आनीचा वाटा मोठा, वर्तनाचा अखेरचा निवाडा तिचा, आणि मेलेले पूर्वज तिच्याच कुशीत असतात. ज्याने स्वतःचा जीव घेतला त्याला कुळातील माणसे त्या कुशीत ठेवू शकत नाहीत. ओबिएरिका गोऱ्या अधिकाऱ्याला सांगतो, की दुसऱ्या गावाहून परकी माणसे बोलावली आहेत, पण त्यांना यायला वेळ लागेल. तुमच्या शिपायांनी खाली उतरवले तर आम्ही त्यांना पैसे देऊ.

ओकोंक्वो लहान असताना त्याच्या आईला उमुओफियाहून म्बांताला, तिच्या माणसांत, नेऊन पुरले होते. तिचा मुलगा आपल्या घरामागच्या झाडाला लटकतो आहे, त्याचे सर्व भाऊबंद खाली उभे आहेत, आणि ते परक्या माणसांची वाट पाहत आहेत.